डॉ. अलेक्झांडर गिब्सन

शहापूर तालुक्यांतील तानसा अभयारण्य १९७० सालीं, व मुरबाडच्या डोंगरांपर्यंत पसरलेलें, शेकरूंचें माहेर असें भीमाशंकर अभयारण्य १९८५ सालीं स्थापन झालें. हीं रानें राखणाऱ्या सरकारी खात्याचें बीज आपल्या प्रांतांत ज्यांनीं रुजविलें, ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन होत.

त्यांचा जन्म १८०० सालीं स्कॉटलंडांत झाला. एडिंबरो येथें वैद्यक शिकून १८२५ सालीं ते कंपनी सरकारच्या नोकरींत मुंबई इलाख्यांत आले. देवी टोंचण्याच्या कामानिमित्त त्यांनीं दख्खन व खानदेशांतील खेडींपाडीं पायांखालीं घातलीं आणि तेथील झाडाझुडपांचा व्यासंग केला. १८३८ सालीं पुण्याजवळील दापुरीच्या सरकारी बागेची देखरेख त्यांजकडे आली. मुरबाडवरील घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर प्रांतांत, हिवरें येथेंही त्यांची बाग होती. तेथें औषधी वनस्पती लावून ते सरकारी इस्पितळांस औषधें पुरवीत.

त्या काळीं जहाजांसाठीं साग व वाढत्या मुंबईस सरपण लागे. त्यामुळें कोंकणचे डोंगर उघडे पडत चालले होते. झाडें गेलीं कीं झरे आटतात व माती वाहून खाड्या बुजतात, हें गिब्सनसाहेबांनीं ओळखलें व सरकारास कळविलें. १८४७ सालीं सरकारनें त्यांस इलाख्याच्या जंगलांचे पहिले कॉन्झर्व्हेटर नेमिलें. सर्व हिंदुस्थानाकरितां असें खातें निघालें तें १८६४ सालीं! १८६० सालीं ते निवृत्त झाले. पुढील वर्षीं डॅल्झेल यांजसह रचिलेला त्यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ सालीं ते निवर्तले.

ह्या कार्याची दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. सरकारास सागाच्या उत्पन्नाचाही मोह होता. १८७८ च्या कायद्यानें राखीव रानांचे निर्बंध कडक झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या रानांवर जगणारे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी आपल्याच डोंगरांत परके ठरले. त्यांचे हक्क मान्य करणारा कायदा होण्यास २००६ साल उजाडावें लागलें.

विद्यार्थीमित्रहो, तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्या तलावाभोंवतींचें रान हेंच त्याचें कवच होय. गिब्सनसाहेबांनीं झऱ्यांचें व झाडांचें नातें जाणलें. झाडांचें व तेथील माणसांचें नातें सांभाळण्याचें राहिलेलें काम आपल्या पिढीवर आहे.