समजून घ्या : रक्त कमी पडले की हृदय तग कसे धरते? उत्तर देणारे सुब्बाराव

शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या वस्तीवर रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर पुण्याचे मोठे रुग्णालय गाठण्यात बराच वेळ जातो. अशा वेळी रक्त कमी पडलेले हृदय कशाच्या बळावर चालते? त्यामागच्या रसायनाचा पाया एका भारतीयाने घातला : यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आंध्रातील भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकले. खादी घातल्याने इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची पदवी हाती पडली. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. १९२९ मध्ये एटीपी सापडले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते गवसले.

एटीपी हे पेशींचे इंधन, तर फॉस्फोक्रिएटिन ही त्याची राखीव शिल्लक. रक्त कमी पडले की हृदय आधी ही शिल्लक मोडते. एटीपी तुटून अ‍ॅडिनोसिन बनते. ते रक्तवाहिन्या रुंदावते, ठोके मंदावते. खर्च कमी, पुरवठा जास्त!

पण ही सोय थोड्या वेळाचीच. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली, तर साधारण २० मिनिटांनंतर स्नायू कायमचा मरू लागतो.

फॉलिक अ‍ॅसिडसारख्या औषधांवर मोठे काम करून सुब्बाराव १९४८ मध्ये अमेरिकेत गेले, अवघ्या ५३व्या वर्षी, हृदयविकारानेच. म्हणून कळ आली की पित्त समजून सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ला फोन करा.