रुधिराभिसरणाचा शोधक : विल्यम हार्वे

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात एका इंग्रज वैद्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विल्यम हार्वेने रुधिराभिसरणाचा शोध लावला, एवढे आपण शाळेत पाठ केलेले असते. परंतु ग्रंथांवर प्रेम करणाऱ्या या माणसाने ग्रंथप्रामाण्याशी दिलेली झुंज आणि उतारवयात उभारलेले ग्रंथालय यांची कथा क्वचितच सांगितली जाते.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. केंब्रिजमधील शिक्षणानंतर तो इटलीतील पाडुआ विद्यापीठात गेला. तेथील त्याचा गुरू फॅब्रिशियस याने नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांमध्ये, लहान झडपा असल्याचे दाखविले होते. मात्र त्यांचे खरे प्रयोजन त्याला उमगले नव्हते. १६०२ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन हार्वे लंडनला परतला. १६०९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याची नेमणूक झाली आणि पुढे राजवैद्याचा मानही त्याला लाभला.

त्या काळी वैद्यकात गेलेनचा शब्द अखेरचा मानला जाई. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या थोर वैद्याने असे प्रतिपादिले होते की, अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांवाटे अवयवांना पोचते आणि तेथेच खर्ची पडते. काही रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते. ही छिद्रे कोणालाही दिसली नव्हती. तरीही सुमारे चौदा शतके ती आहेत असे मानले गेले, कारण ग्रंथात तसे लिहिले होते.

हार्वेने ग्रंथ मिटला नाही. तो त्याने शरीराशी ताडून पाहिला. त्याचा युक्तिवाद साध्या अंकगणिताचा होता. एका ठोक्याला हृदयातून केवळ अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजारच ठोके मोजले, तरी पाचशे औंस, म्हणजे सुमारे पंधरा किलो रक्त होते. इतके रक्त संपूर्ण देहातही नसते. मग खाल्लेल्या अन्नातून ते घटकाभरात कसे निर्माण व्हावे? अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. त्याने दंडाला घट्ट पट्टी बांधली, तेव्हा हात थंड पडला. पट्टी किंचित सैल करताच खोलवरच्या रोहिणीतून रक्त हातात उतरले, पण वरवरच्या नीलांतून त्याला परतता येईना. त्या तटतटून फुगल्या. नीलेतील रक्त बोटाने झडपेपलीकडे मागे लोटू पाहिले, तर ते जाईना. गुरूने दाखविलेल्या झडपांचा अर्थ शिष्याला असा गवसला : त्या रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात.

हे प्रयोग त्याने नऊ वर्षांहून अधिक काळ सहकाऱ्यांसमोर करून दाखविले आणि मगच, १६२८ मध्ये, फ्रँकफर्ट येथे आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची पृष्ठे अवघी बहात्तर. सर्वांचे वैर ओढवेल ही धास्ती त्याने ग्रंथातच बोलून दाखविली होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पॅरिसच्या रिओलाँने त्याला विरोध केला. हार्वेचे रुग्णही त्यानंतर घटले, असे त्याचा परिचित जॉन ऑब्री याने नोंदविले आहे. रोहिण्यांतील रक्त नीलांत कोठून शिरते, हा दुवा त्याला सापडला नाही. त्या सूक्ष्म केशवाहिन्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या १६६१ मध्ये, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. अंतःस्रावी ग्रंथींची संप्रेरके आणि रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी देहभर पोचतात त्या याच अभिसरणामुळे, हे ज्ञान तर फार पुढचे.

१६४२ मध्ये इंग्लंडात यादवी पेटली. एजहिलच्या रणभूमीवर राजपुत्रांना सांभाळत कुंपणाच्या आडोशाला हार्वे पुस्तक वाचीत बसला होता, अशी आठवण याच ऑब्रीने सांगितली आहे. त्याच सुमारास पार्लमेंटच्या सैनिकांनी त्याचे लंडनमधील निवासस्थान लुटले. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांची हस्तलिखिते नाहीशी झाली. या हानीचे दुःख त्याला अखेरपर्यंत सलत राहिले.

कदाचित म्हणूनच असेल, लंडनच्या वैद्य महाविद्यालयासाठी त्याने स्वखर्चाने ग्रंथालय व संग्रहालयाची वास्तू बांधून दिली, आपले ग्रंथ तेथे ठेवले आणि वडिलोपार्जित जमीनही १६५६ मध्ये महाविद्यालयास अर्पण केली. अध्यक्षपद देऊ केले असता त्याने वार्धक्यामुळे ते नम्रपणे नाकारले. ३ जून १६५७ रोजी पक्षाघाताने त्याचे निधन झाले. पुढे नऊच वर्षांनी, १६६६ च्या लंडनच्या महाभयंकर आगीत ते ग्रंथालय भस्मसात झाले. थोडेच ग्रंथ वाचविता आले.

हार्वेची हस्तलिखिते एकाच घरात होती, ती गेली. बहात्तर पानांचे ते पुस्तक मात्र तोवर युरोपातील अनेक ग्रंथसंग्रहांत पोचले होते, आणि म्हणूनच टिकले. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या आपल्या संस्थेच्या कार्याचे मोल यातून ध्यानी यावे. जपलेल्या त्या पुस्तकांतील एखादे विधान हार्वेप्रमाणे स्वतः पडताळून पाहणारा वाचक येथे घडला, तर या शताब्दीचे सार्थक होईल.