पंचविसाव्या वर्षी इंग्रजी

१८८२ साली पुण्यात सरकारच्या शिक्षण आयोगापुढे म्हणजे हंटर आयोगापुढे एका बाईंची साक्ष झाली. वय चोवीस. सहा-सात महिन्यांपूर्वीच नवरा कॉलऱ्याने गेलेला, कडेवर लहान मुलगी. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पण सांगितलं ते मराठीत. साहेबांना कळावं म्हणून त्याचा इंग्रजी अनुवाद करावा लागला. पाच-सहा वर्षांनी याच बाई अमेरिकेत गावोगावी इंग्रजीत व्याख्यानं देत होत्या, आणि मध्ये कोणी दुभाषी नव्हता. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

मित्र-मैत्रिणींनो, पाठ्यपुस्तकातल्या रमाबाई आपल्याला माहीत असतात. शारदा सदन, विधवांचं शिक्षण, केडगावचं मुक्ती मिशन. मी त्यांच्याकडे वळले ते वेगळ्या कारणाने. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून प्लेसमेंट जवळ आली की होस्टेलच्या मुली मला विचारतात, इंग्रजी बोलायला कसं शिकायचं? मला काय सांगता येणार? चार-पाच वर्षांची असताना कानावर पडत गेलं आणि येत गेलं. मोठेपणी, एक भाषा डोक्यात पक्की बसल्यावर दुसरी जिभेवर आणणं हे काम मी केलेलंच नाही. रमाबाईंनी केलं होतं.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने मुलीला. घर असं नव्हतंच. तीर्थयात्रा करायची, देवळात पुराण सांगायचं, मिळेल ते खायचं. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण सगळे गेले. उरलेली दोघं बहीणभावंडं हजारो मैल पायी फिरली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी भाऊ गेला. मग बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. जातीबाहेरचं, नोंदणी पद्धतीने. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोच तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा दहा महिन्यांची होती.

पुण्याला आल्यावर रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि इंग्रजी शिकायला सुरुवात केली. मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई शिकवायच्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यासुद्धा याच बाईंकडे शिकल्या. इंग्रजी कशासाठी, हे पंडिता रमाबाईंच्या मनात स्पष्ट होतं. आयोगापुढे ज्या स्त्री डॉक्टरची मागणी केली, ती डॉक्टर स्वतःच व्हायचं. त्यासाठी विलायतेला जायला पाहिजे. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासाच्या पैशांची सोय केली आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये मुलीला घेऊन बोटीत बसल्या. पंचविसावं वर्ष तेव्हा लागलेलं.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी जोगिणींच्या मठात त्यांची व्यवस्था झाली. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथली आहे. तिथल्या सिस्टर हिंदुस्थानात कामाला यायच्या, त्यांना मराठी हवी होती. रमाबाईंना इंग्रजी हवी होती. तेव्हा रमाबाईंनी त्यांना मराठी शिकवायची आणि त्या बदल्यात राहायचं, जेवायचं, इंग्रजी शिकायची, असं ठरलं. म्हणजे त्या तिथे नुसत्या विद्यार्थिनी नव्हत्या. अर्धा वेळ त्या मास्तरीणबाई होत्या.

पण डॉक्टर होणं काही जमलं नाही. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते वाढत चाललं होतं. वैद्यकीचा नाद सोडावा लागला. हे वाचून मी थांबलेच. परकी भाषा आपण कानाने शिकतो, आणि इथे कानच साथ देत नव्हता. तरी त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे इंग्रजी, गणित, विज्ञान शिकल्या आणि संस्कृत शिकवलं.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुण्यात त्यावर फार टीका झाली. आणि इंग्लंडमध्ये सगळं गोड झालं असंही नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. रमाबाईंनी मान तुकवली नाही. आपण आपल्या देशात पुरुषांच्या सभेत बोलत आलो आहोत, हे त्यांनी कळवलं. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी धर्मावरून लांबलचक पत्रांतून वाद घातला, तोही इंग्रजीत, ज्यांच्याकडे राहून ती भाषा शिकल्या त्यांच्याशीच! ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली आहेत. माझ्या मते रमाबाईंना इंग्रजी आलं ते इथे. ‘हो’ म्हणायला थोडी भाषा पुरते. ‘मला पटत नाही, आणि त्याची कारणं अशी’ हे सांगायला खूप लागते.

मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला गेल्या आणि पुढे अडीचेक वर्षं अमेरिकेतच राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं. व्याख्यानांमधून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं, त्याने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. परत येऊन ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेवरचं आपलं पुस्तक लिहिलं ते मराठीत, कारण ते वाचणारे इथले होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. त्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती सदन वाढत गेलं. मग उतारवयात, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मनोरमा १९२१ मध्ये वारली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोपर्यंत भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

आता कोणी म्हणेल, त्या पंडिता होत्या, हजारो श्लोक तोंडपाठ होते, आपलं तसं कुठे? बरोबर आहे. त्यांच्यासारखी बुद्धी वाटून घेता येत नाही. पण वाँटेजचा सौदा मात्र आपल्याला करता येतो. वरठीत सनफ्लॅगच्या कारखान्यात परप्रांतातून आलेली माणसं आपल्या लोकांबरोबर काम करता करता मराठी बोलायला लागतात. कोणता क्लास लावतात ती? होस्टेलमध्ये माझ्यासारख्या मुली आहेत, ज्यांचं इंग्रजी बरं पण मराठी शाळेपुरतं. आणि मोहाडी-तुमसरच्या मुली आहेत, ज्या झाडीबोलीत बोलायला लागल्या की सगळी मेस ऐकत बसते. जेवणानंतर रोज अर्धा तास तुम्ही मला तुमची भाषा द्या, मी तुम्हाला माझी देते. विषय मात्र खरा घ्यायचा, म्हणजे वादाचा. मेसच्या भाजीपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही.