दिनकरराव जवळकर

दिनकरराव शंकरराव जवळकर (इ.स. १८९८ – ३ मे, इ.स. १९३२) हे मराठी पत्रकार, लेखक, वक्ते आणि महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीचे प्रमुख प्रचारक होते. वृत्तपत्रीय लेखनापासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द पुस्तिका, मेळ्यांची पदे आणि जाहीर सभा यांच्या द्वारे राजकीय प्रचाराकडे वळली. देशाचे दुश्मन (१९२५) या पुस्तिकेमुळे आणि तिच्यावरील खटल्यामुळे ते विशेष प्रसिद्ध झाले.

पार्श्वभूमी

जवळकरांचा जन्म पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील चोराची आळंदी या गावी शेतकरी मराठा कुटुंबात झाला. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची परंपरा आणि कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे कार्य या दोहोंचा त्यांच्या विचारांवर ठसा होता. तरुण मराठा या पत्रातील लेखनामुळे त्यांचे नाव ब्राह्मणेतर वर्तुळात परिचित झाले.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठेवण्यात आल्या होत्या. त्यामुळे १९२० नंतर ब्राह्मणेतर चळवळीला सामाजिक सुधारणेबरोबरच निवडणुकीच्या राजकारणाचेही रूप आले. मतदारांपर्यंत पोहोचू शकेल अशा लेखणीची आणि वाणीची तिला गरज होती. जवळकरांनी ती भागवली.

जेधे मॅन्शन आणि भोर परिसराशी संबंध

पुण्यात जवळकरांची केशवराव जेधे (१८९६–१९५९) यांच्याशी घनिष्ठ मैत्री झाली. जेधे हे भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्याशी नाते सांगणारे होते. या घराण्यातील कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख आणि शिवाजी महाराजांचे निष्ठावान सहकारी होते. शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन हे पुण्यातील ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांचे केंद्र बनले. जेध्यांचे संघटन आणि जवळकरांची लेखणी यांमुळे जेधे-जवळकर ही जोडी एकत्रच ओळखली जाऊ लागली.

शिवाजी महाराज कोणाचे, हा त्या काळातील वादाचा विषय होता. ब्राह्मणेतर प्रचारात शिवाजी महाराज हे मावळातील कुणब्या-मराठ्यांचे राजे म्हणून मांडले जात. त्यामुळे तोरणा व राजगड हे किल्ले असलेला वेल्हे परिसर आणि रोहिडा व रायरेश्वर असलेला भोर परिसर यांच्या इतिहासाला या प्रचारात नवे राजकीय महत्त्व आले. त्या काळी भोर हे पंतसचिवांच्या ब्राह्मण घराण्याचे संस्थान होते. तेथील मावळी घराण्यांचा वारसा पुण्याच्या राजकारणात मात्र जेध्यांच्या रूपाने ब्राह्मणेतर बाजूला उभा होता.

छत्रपती मेळा

लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक रूप दिलेल्या गणेशोत्सवात मेळ्यांची पदे हे प्रचाराचे प्रभावी साधन होते. १९२२ पासून जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने याच उत्सवात ब्राह्मणेतर विचार मांडण्यास सुरुवात केली. बहुजन समाजात साक्षरता अल्प असल्यामुळे वृत्तपत्राचा वाचकवर्ग मर्यादित होता, परंतु चालीवर बसवलेले पद निरक्षर श्रोत्यालाही पाठ होत असे. ग्रामीण भागातील सत्यशोधक जलशांनी हेच तत्त्व पूर्वी वापरले होते. छत्रपती मेळा आणि सन्मित्र मेळा यांच्यातील चढाओढीतून पुण्यात तणाव निर्माण झाला.

देशाचे दुश्मन आणि खटला

१९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. या वादात फुल्यांविषयी अवमानकारक प्रचार झाल्यानंतर जवळकरांनी देशाचे दुश्मन ही पुस्तिका लिहिली आणि जेध्यांनी ती प्रकाशित केली. तीत टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय जहाल भाषेत टीका होती.

पुस्तिकेविरुद्ध बदनामीचा खटला दाखल झाला. जवळकर, जेधे, बागडे आणि लाड यांना खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. अपिलात आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली आणि १९२६ मध्ये सर्वांची सुटका झाली. वकील म्हणून आंबेडकरांच्या आरंभीच्या गाजलेल्या खटल्यांमध्ये याची गणना होते. या खटल्याने जवळकरांना महाराष्ट्रभर प्रसिद्धी मिळाली, पण त्यांच्या भाषेची मर्यादाही चर्चेत आली.

महाड सत्याग्रह

१९२७ च्या महाड सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला. मात्र कोणत्याही ब्राह्मणाला चळवळीत घेऊ नये, अशी त्यांची अट होती. आंबेडकरांनी ही अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण व्यक्तींना नसून ब्राह्मण्याला आहे, अशी त्यांची भूमिका होती. जातीविरोधी चळवळीतील दोन प्रवाहांमधील फरक या प्रसंगातून स्पष्ट झाला.

अखेरचा काळ

जवळकरांनी कैवारी आणि तेज ही पत्रेही चालवली. १९२९ च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. तेथून परतल्यावर त्यांच्या विचारांत लक्षणीय बदल झाला. जातीय वर्चस्वाबरोबर सावकारी, जमिनीचे प्रश्न आणि शेतकरी-कामकऱ्यांचे आर्थिक शोषण हे विषय त्यांच्या लेखनात मध्यवर्ती झाले. क्रांतीचे रणशिंग ही पुस्तिका या बदलाची निदर्शक आहे. याच काळात जेधे काँग्रेसच्या राष्ट्रीय चळवळीकडे वळले होते. नवी भूमिका पक्की रूप घेण्यापूर्वीच ३ मे, १९३२ रोजी जवळकरांचे अकाली निधन झाले.

मूल्यमापन

जवळकरांच्या शैलीत उपहास, बोलभाषेतील जोम आणि थेट आरोप यांचे मिश्रण होते. वैयक्तिक हल्ल्यांमुळे त्यांच्यावर टीका झाली. दुसरीकडे, शेतकरी वर्गाला राजकीय वादात स्वतःची भाषा मिळवून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९४८ साली जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाने शेतकऱ्यांचे जे प्रश्न हाती घेतले, त्यांपैकी काही जवळकरांच्या अखेरच्या लेखनात आधीच आले होते. इतिहासकार य. दि. फडके यांनी त्यांचे समग्र वाङ्मय संपादित केले आहे.