कॅरन कार्पेंटर : गोड गळ्याची गायिका आणि उशिरा मागितलेली मदत



थोरामोठ्यांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या यशासाठी. आज ज्या गायिकेची ओळख करून देत आहे, तिला यश भरपूर मिळाले, पण तिच्या आयुष्याचा धडा निराळाच आहे. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या घरांत कॅरन कार्पेंटर हे नाव अपरिचित नाही. १९७० नंतरच्या दहा वर्षांत तिचा खालच्या पट्टीतला, मऊ, किंचित उदास आवाज देशोदेशी पोहोचला. वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ती गेली. समोर वाढलेले ताट असताना अन्न नाकारायला लावणारा एक आजार तिला घेऊन गेला.

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन या गावी झाला. वडील हॅरॉल्ड, आई ॲग्नेस आणि साडेतीन वर्षांनी मोठा भाऊ रिचर्ड, असे हे चौकोनी कुटुंब. रिचर्ड लहानपणापासून पियानोत रमणारा. घरात संगीताचा विचार होई तो त्याच्या भवितव्याचा. १९६३ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियातील डाऊनी या गावी राहायला गेले, त्यामागेही रिचर्डला संधी मिळावी हा विचार होता. धाकटी कॅरन भावाच्या मागे मागे असायची. त्याच्यावर तिची भक्तीच होती म्हणा ना!

शाळेत कसरतीचा तास तिला आवडत नसे. तो चुकवण्यासाठी ती शाळेच्या बँडमध्ये शिरली आणि तिथे ड्रम वाजवायला शिकली. मुलीने ड्रम वाजवणे त्या काळी नवलाचे होते, पण तिचा हात विलक्षण तयार झाला. पुढे सारे जग तिला गायिका म्हणून ओळखू लागले, तरी ती स्वतःला आधी ड्रम वाजवणारी आणि मग गाणारी समजत असे.

१९६९ मध्ये हर्ब अल्पर्ट यांच्या ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने या भावंडांशी करार केला. दुसऱ्याच वर्षी 'क्लोज टू यू' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर दोघांना तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली आणि १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये गाण्याचा मान मिळाला. दौऱ्यांमागून दौरे सुरू झाले. गावोगावची हॉटेले, रात्रीचे कार्यक्रम, सकाळी पुन्हा प्रवास. घरच्या स्वयंपाकघरात बसून निवांत जेवण्याचे दिवस कमी होत गेले.

याच काळात एक गोष्ट घडली, ती वरवर किरकोळ वाटेल. ड्रमच्या मागे बसलेली कॅरन प्रेक्षकांना नीट दिसत नाही, म्हणून तिला रंगमंचाच्या पुढे आणून उभे केले गेले. ड्रम ही तिची ढाल होती, ती गेली. हजारो डोळे आता तिच्या आवाजाबरोबर तिच्या देहाकडेही पाहू लागले. १७ व्या वर्षी तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने पथ्य करून वजन कमी केलेच होते. १९७३ च्या सुमारास कार्यक्रमातले स्वतःचे एक छायाचित्र तिला खटकले, आणि खाणे तोडण्याचा नाद पुन्हा लागला. सुरुवातीला कौतुक झाले. हे कौतुकच पुढे घातक ठरले, कारण कुठे थांबावे हे तिच्या मनाला कळेनासे झाले. १९७५ मध्ये ती इतकी खंगली की तिला इस्पितळात ठेवावे लागले. ब्रिटनचा दौरा रद्द झाला. रंगमंचावर ती आली की प्रेक्षक दचकत.

या आजाराला वैद्यकात अनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग या दोघांनी १८७३ च्या सुमारास त्याचे वर्णन केले. म्हणजे हा आजार सिनेमा-नाटकांच्या जमान्याने जन्माला घातलेला नाही. भूक मेल्यामुळे माणूस जेवत नाही असा या नावावरून समज होतो, पण रोग्याला भूक लागतच असते. तो रात्रंदिवस तिच्याशी झगडत असतो, आणि हाडे दिसू लागली तरी आरशात त्याला आपण जाडच दिसतो. त्यामुळे हट्ट, नखरे किंवा फॅशन म्हणून त्याची वासलात लावणे बरोबर नाही.

या आजाराच्या जोडीला पुष्कळदा खिन्नतेचा आजार येतो. दोघांचे नाते कसे आहे हे समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्या तरुणांना आधी कसलाही मनोविकार नव्हता. तरीही ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही येईना. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही मन ताळ्यावर यायला बरेच महिने लागले. उपासमार स्वतःच मनाला अंधारात लोटते, आणि अंधारातले मन मदतीचा हात ओळखत नाही. असा हा दुहेरी फास आहे.

आता भावाची गोष्ट पाहा. रिचर्डला झोपेच्या गोळ्यांचे व्यसन लागले होते. जानेवारी १९७९ मध्ये तो कॅन्सास राज्यातील मेनिंजर क्लिनिकमध्ये दाखल झाला, सहा आठवडे राहिला आणि व्यसनातून सुटला. तिथे भेटायला आलेल्या बहिणीची दशा पाहून त्याने तिलाही उपचार घेण्याविषयी बजावले. तिने आजार असल्याचेच नाकारले. १९८० मध्ये तिचे लग्न झाले, ते फार काळ टिकले नाही. त्याच वर्षी, न्यू यॉर्कमध्ये मोठ्या हौसेने एकटीने केलेली तिची गाणी कंपनीने बाजूला ठेवली. ती तिच्या मृत्यूनंतर, १९९६ मध्ये बाहेर आली. ऑक्टोबर १९८१ मध्ये ब्रिटिश टेलिव्हिजनवर मुलाखतकर्तीने तिला या आजाराबद्दल सरळ विचारले, तेव्हा आपण केवळ दमलो होतो असे सांगून तिने विषय टाळला.

पण त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९८२ मध्ये, ती स्वतःहून न्यू यॉर्कला गेली आणि स्टीव्हन लेव्हेन्क्रॉन या मानसोपचारकाकडे उपचार घेऊ लागली. आठवड्यातले पाच दिवस, रोज एक तास. नाकारणे आणि मदत मागणे यांत एवढेच अंतर होते. गायक पॅट बून यांची कन्या चेरी बून ओनील हिला हाच आजार झाला होता आणि ती त्यातून बाहेर पडली होती. कॅरनने तिलाही फोन करून सल्ला विचारला. या वाटेने आधी गेलेल्या माणसाशी बोलावेसे वाटणे हे मन जिवंत असल्याचे लक्षण आहे. प्रसिद्धीच्या शिखरावरच्या बाईने आपले दुखणे परक्यापुढे मांडायला किती धैर्य लागले असेल, याची कल्पना करावी.

उपचारांच्या काळात लेव्हेन्क्रॉन यांनी तिच्या आईवडिलांना आणि भावाला बोलावून घेतले. तुमचे तिच्यावर प्रेम आहे हे तिला तोंडाने सांगा, अशी त्यांची विनंती होती. चरित्रकार लिहितात की आईला ते फार जड गेले. म्हणून तिचे प्रेम नव्हते असे कुणी समजू नये. आपल्याकडेही कितीतरी आया मुलांसाठी जिवाचे रान करतात, पण प्रेमाचे शब्द त्यांच्या ओठांवर येत नाहीत. ताटात आणखी एक घास वाढणे हीच त्यांची भाषा. आणि जिला तो घासच गिळवत नाही, तिच्यापर्यंत ही भाषा पोहोचत नाही.

सप्टेंबर १९८२ मध्ये कॅरनला चक्कर येऊ लागली, छातीत विचित्र धडधड होऊ लागली. तिला न्यू यॉर्कच्या लेनॉक्स हिल इस्पितळात दाखल केले आणि शिरेतून पोषण दिले. वजन भराभर वाढले. नोव्हेंबरात ती घरी परतली. स्वतःच्या हाताने केलेले भरतकाम तिने उपचारकाला भेट दिले. त्यात विजय त्यांचा झाला अशा अर्थाचा मजकूर होता. सर्वांना वाटले, संकट टळले. पण वजनकाट्याने जे दाखवले ते हृदयाने अनुभवले नव्हते. दीर्घ उपासमारीत हृदयाचा स्नायूही झिजतो आणि शरीरातील क्षारांचा तोल बिघडतो. मनाच्या उपचारांना तर अजून कितीतरी अवधी हवा होता. ४ फेब्रुवारी १९८३ च्या सकाळी डाऊनी येथे आईवडिलांच्या घरी ती कोसळली आणि पुन्हा उठली नाही. या आजारातून आणि त्यापायी झालेल्या औषधाच्या गैरवापरातून हृदय निकामी झाले, असा निष्कर्ष शवचिकित्सेत निघाला.

तिच्या मृत्यूच्या बातमीने जगातल्या असंख्य घरांना या आजाराचे नाव प्रथम कळले. कुटुंबीयांनी तिच्या स्मरणार्थ निधी उभारला. तिच्या काळी नव्हते असे पुष्कळ ज्ञान आज उपलब्ध आहे. लंडनच्या मॉड्सले इस्पितळात १९८० नंतरच्या दशकात एक उपचारपद्धती विकसित झाली. तिच्यात किशोरवयीन रोग्याच्या आईवडिलांना दोष न देता उपचारातले भागीदार मानतात. रोज काय आणि किती खायचे याची जबाबदारी काही काळ तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली ते घेतात, आणि मूल सावरू लागले की ती हळूहळू त्याच्या हाती परत देतात. या मार्गाने अनेक मुले बरी झाली आहेत.

आपल्या बेटावर या आजाराचे नाव कानावर येत नाही, म्हणून तो इथे नाही असे समजू नका. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या पंगतीत आपण सहज कुणाला क्रिओलमध्ये 'ग्रो' म्हणतो, कुणाला 'मेग'. ऐकणारी मुलगी हसते, आणि ते शब्द घरी घेऊन जाते. डब्यातले दिपें रोज तसेच परत येऊ लागले, जेवणानंतर मूल लगेच नाहीसे होऊ लागले, सर्वांबरोबर बसायचे टाळू लागले, खेळ आणि मित्र सोडून गप्प राहू लागले, तर ते वयाचे खूळ म्हणून सोडून देऊ नये. मुलगेही या आजारापासून मुक्त नसतात.

अशा वेळी वजनाविषयी किंवा ताटाविषयी वाद घालण्यापेक्षा, तू दुःखी दिसतेस आणि आम्हाला तुझी काळजी वाटते, एवढे शांतपणे सांगावे. पहिल्यांदा नकार मिळेल. कॅरननेही अनेकदा नकार दिला होता. म्हणून पुन्हा विचारावे. मग जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. सरकारी उपचार आपल्याकडे मोफत आहेत आणि तिथले डॉक्टर पुढे तज्ज्ञांकडे पाठवू शकतात. चक्कर येणे, शुद्ध हरपणे, छातीत धडधडणे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे, यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नये, तडक इस्पितळ गाठावे. मनाच्या इस्पितळाच्या नावाने एकमेकांना हसण्याची सवयही आता टाकायला हवी. त्या हसण्याला भिऊन किती माणसे आपले दुखणे लपवत असतील!

आणि जे स्वतः या अंधारात आहेत, त्यांना एवढेच सांगायचे आहे. मदत मागणे म्हणजे हार नव्हे, आणि एकदा मागून भागत नाही. रिचर्ड कार्पेंटर वेळेवर गेला आणि सावरला. चेरी बून ओनील बरी झाली. कॅरनने मदत मागितली तेव्हा तिच्या शरीराची पुंजी बरीचशी संपली होती. तिची गाणी ऐकताना तिच्या गळ्याचे कौतुक करावेच, पण आपल्या घरातला एखादा उदास आवाज ऐकायलाही तितकेच कान लावावेत.