दोराबजी टाटा : लोणावळ्याच्या धरणापासून परळच्या रुग्णालयापर्यंत

पावसाळ्यात लोणावळ्याला गर्दी करणाऱ्यांपैकी किती जणांना वळवणच्या पाण्यापाशी सर दोराबजी टाटा आठवत असतील, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

१८५९ साली जन्मलेल्या दोराबजींनी वडिलांचे, म्हणजे जमशेटजींचे स्वप्न पुरे केले. मावळातला धो धो पाऊस अडवायचा, घाटाखाली खोपोलीला सोडायचा आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली, १९१५ मध्ये वीज सुरू झाली. पुढे मुळशीच्या धरणात मात्र शेतकऱ्यांची भातखाचरे बुडाली. १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच होता. चरित्र सांगताना ही बाजू गाळणे मला पटत नाही.

१९३१ मध्ये पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हते. कोहिनूरहून मोठ्या ज्युबिली हिऱ्यासकट सारी मालमत्ता दोराबजींनी ट्रस्टच्या हवाली केली आणि १९३२ मध्ये जर्मनीत डोळे मिटले. त्याच ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले.

तेव्हा हत्यारे दोनच : शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. औषधे नंतर आली. त्यातले एक तर विजेच्याच प्रयोगातून हाती लागले! १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंच्या द्रावणातून वीज सोडत होते. जिवाणू लांबच लांब वाढले, पण दुभागेनात. ही करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या संयुगांची होती. त्यांतलेच एक सिसप्लॅटिन. ते पेशीतल्या डीएनएला चिकटते आणि पेशीचे विभाजन अडते.

हे औषध शिरेतून, सलाईनमधून देतात. मूत्रपिंडे जपण्यासाठी आधी आणि नंतरही भरपूर सलाईन चढवतात, उलट्यांवर औषध देतात, कानांवर लक्ष ठेवतात. मूत्रपिंडे अधू असतील तर पुष्कळदा त्याचे भावंड, कार्बोप्लॅटिन निवडतात. त्यात रक्तपेशी मात्र अधिक घटतात. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सिसप्लॅटिन किरणोपचारांच्या जोडीने देतात.

तोंड-घशाच्या रुग्णांना दर आठवड्याला थोडे द्यावे, की तीन आठवड्यांनी मोठा डोस? टाटा मेमोरियलनेच ३०० रुग्णांवर हे तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत रोग जागच्या जागी रोखण्यात मोठा डोस सरस ठरला, त्रासही त्याचाच जास्त. जिभेचा, गालाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरच्या तंबाखूमुळे इतका, की हा प्रश्न आपल्याच डॉक्टरांनी सोडवायला हवा होता.

मेहेरबाईंच्या आजारावर प्लॅटिनमचे हे औषध वापरत नाहीत. त्या रोगाच्या संशोधनासाठी दोराबजींनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट वेगळा स्थापला. त्याच्या शिष्यवृत्त्या देशोदेशीच्या संशोधकांना मिळत आल्या आहेत.