पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : स्वभाव आणि साधना

काशी, गया, सोमनाथ, वेरूळ या तीर्थक्षेत्री दर्शनास जाणाऱ्या भाविकांना एक नाव वारंवार ऐकावयास मिळते. ते नाव म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. भक्तिभाव, दयाळूपणा आणि तल्लख बुद्धी हे गुण अहिल्यादेवींच्या ठायी उपजतच होते. चौंडीच्या मंदिरात या लहानग्या मुलीस पाहून सुभेदार मल्हारराव होळकर यांनी तिला सून म्हणून निवडले, असे सांगितले जाते.

परंतु उपजत गुण हे बीजाप्रमाणे असतात. मशागतीवाचून ते फळास येत नाहीत. मल्हाररावांनी सुनेस हिशेब, वसुली, पत्रव्यवहार व तोफखान्याची व्यवस्था यांचे शिक्षण दिले. इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले, तेव्हा त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या. मल्हाररावांनी त्यांस परावृत्त केले व राज्यकारभाराची अधिकाधिक जबाबदारी त्यांच्यावर सोपविली.

इ.स. १७६६ मध्ये मल्हारराव व पुढील वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. राज्यास वारस नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा आग्रह धरला व रघुनाथराव सैन्यासह चालून आले. त्या वेळी जन्मतःच सौम्य असलेल्या अहिल्यादेवींनी युद्धाची सिद्धता केली. रघुनाथरावांस माघार घ्यावी लागली. ही दृढता अनेक वर्षांच्या अभ्यासाने त्यांनी अंगी बाणविली होती.

माधवराव पेशव्यांच्या संमतीने त्यांनी सुमारे २८ वर्षे राज्य केले. सैन्याचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे सोपवून महेश्वर येथून त्या कारभार पाहत. पूजाअर्चा आटोपल्यावर दरबारात बसून प्रजेची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. इ.स. १७८० मध्ये त्यांनी काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे निर्माण केली. विशेष म्हणजे या दानधर्माचा भार राज्याच्या खजिन्यावर न टाकता त्यांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून तो उचलला. जन्मजात दयेस हिशेबाची शिस्त लाभली, म्हणूनच त्यांचे दान चिरकाल टिकले.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. नातू व जावई यांचे निधन झाले आणि इ.स. १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई आईची विनवणी न मानता सती गेली. या आघाताने त्या खचल्या; तरीही लोकसेवेचे व्रत त्यांनी सोडले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

स्वभाव ईश्वर देतो. त्यास घडविणे मनुष्याच्या हाती असते, हेच या पुण्यचरित्राचे सार होय. देवदर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाने व दानशूर व्यक्तीने ते मनी धरावे.